तुती अलीकडे की पलीकडे

१९ जानेवारी

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. थोरले काका, म्हणजे तुझे मामा, गेले तेव्हा मी तुला चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर थेट आज. फोन करता आला असता, पण फोनवर माणूस 'बरं आहे ना, बरं आहे' म्हणून मोकळा होतो. मला जे विचारायचंय ते तसं विचारता येणार नाही.

हल्ली मला बाग फार आठवते. शाळेला सुट्टी लागली की मी तुमच्याकडे यायचो, आणि मग घरात काय ते जेवायलाच. दुपारी काका दारातल्या खाटेवर आडवे झाले की आपण मागच्या कुंपणातून निसटायचो. एक खांब कलला होता आणि तारेत फट पडली होती, तिथून पोटावर सरपटत. मग ओढा. दगडमाती घालून आपण ओढा अडवायचो, काकांच्या रोपांचं पाणी तुटायचं, आणि शिक्षा म्हणून झारीनं सगळी रोपं भिजवावी लागायची. ओले सदरे तारेवर वाळत घालायचे. काकूला कळू नये म्हणून ओल्या केसांत धूळ चोळायची. काकूला रोज कळायचं.

आता जरा नीट आठवून सांग. तुतीचं मोठं झाड ओढ्याच्या अलीकडे होतं की पलीकडे? तारेतली फट हद्दीच्या दगडाच्या कुठल्या अंगाला होती? त्या दगडावर बसून आपण तुती खायचो. तो अजून तिथेच आहे, की कुणी हलवला? आणि फाटकापासून ओढ्याकडे जाणारी वाट मोकळी आहे का?

घाई नाही, पण जरूर लिही. माझं ऑफिसात अजून मोजणीचंच काम आहे. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजतो आणि भावाभावांची भांडणं ऐकतो.

तुझा
दादा


२ फेब्रुवारी

ताई,

सोबत दादाचं पत्र आहे, वाचून परत कर. धाकटे मामा गेल्यापासून त्यांच्या या चिरंजीवांनी कधी आपली विचारपूस केली नाही, आणि आता एकदम तुती आठवली.

खरं सांगू का, पहिलं पान वाचताना मला भरून आलं होतं. केसांत धूळ चोळायची गोष्ट मी स्वतः विसरलो होतो. पण पान उलटलं आणि हद्दीचा दगड आला. तुतीची चव आठवणारा माणूस दगड कुणी हलवला का, असं विचारतो का? आणि तोही मोजणी ऑफिसातला?

तुला ठाऊकच आहे, बाग कागदावर अजून दोन्ही मामांच्या नावावर आहे. थोरल्या मामांनी मला लहानाचं मोठं केलं, कलमं बांधायला शिकवलं, आणि जाताना धाकट्या मामांच्या देखत म्हणाले, "बाग याची." धाकट्या मामांनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी रोपवाटिका वाढवली, घर बांधलं, पोरांची शाळा केली. आता म्हणणारेही नाहीत आणि मान हलवणारेही नाहीत. अर्धी बाग दादानं मागितली तर मी काय दाखवणार?

कलमाच्या सांध्यात पाणी शिरलं की वरून कोंबाचा डोळा हिरवा दिसतो आणि आत कुजत जातो. माझ्या मनाचं तसंच चाललंय. सकाळी देवापुढे बसलो तरी डोळ्यांपुढे तो दगडच. तू काय म्हणतेस?

तुझा भाऊ


८ फेब्रुवारी

अरे,

भरून आलं म्हणे. तुझा भोळेपणा काही या जन्मी जायचा नाही. पत्र दोनदा वाचलं. पाणी कुठं मुरतंय ते पहिल्याच खेपेला कळलं.

आमच्या पुतण्याच्या लग्नात तो भेटला होता, हे मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. जेवायला माझ्यासमोर बसला होता. सगळ्यांदेखत एकच चऱ्हाट: बाग, ओढा, कुंपण कुठवर होतं, वाट कुठून जायची. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. कसं ते विचारू नकोस. पण गडी ताकाला जाऊन भांडं लपवणारा आहे. आता तुझ्याकडे वळलाय.

आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालं. चुलतभाऊ आला, जुन्या आठवणी काढल्या, आग्रह करकरून चहा प्यायला, जाताना गळ्यात पडून रडला. पुढच्या महिन्यात वकिलाची नोटीस.

तेव्हा नीट ऐक. तो बागेत येत-जात होता, असं तुझ्या हातचं एक वाक्य त्याच्याकडे गेलं की कारभार आटोपला. आठवत नाही म्हण. त्याहून बरं, तू आलाच नव्हतास म्हण. एका उन्हाळ्यात तो तापानं अंथरुणाला खिळला होता, ते धरून ठेव. तुझ्या बायकोला हे पत्र दाखव. तिला माझं पटेल.

ताई


२० फेब्रुवारी

दादा,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कलमांचे दिवस आहेत.

तू विचारलेल्या गोष्टी फार जुन्या झाल्या. तुतीची झाडं इथे बरीच आली आणि गेली. दगडाचं माझ्या लक्षात नाही. वाटेवर आता रोपांचे वाफे आहेत. खारू म्हणून मला आता इथे कुणी हाक मारत नाही.

घरचे सगळे बरे असतील. नात मोठी झाली असेल. तब्येतीला जप.

तुझा आतेभाऊ


५ मार्च

प्रिय खारू,

पत्र मिळालं. इतकं लहान पत्र तुझं असेल असं वाटलं नव्हतं. तू बोलायला लागलास की काकू म्हणायची, "याला कुणीतरी पाणी पाजा, म्हणजे तेवढा वेळ तरी थांबेल."

आठवत नाही म्हणतोस तर मी सोपं करून देतो. सोबत एक नकाशा आहे. धंदाच तो आपला. डोळे मिटून फाटकातून आत शिरलो आणि जसं दिसत गेलं तसं कागदावर उतरवलं. फाटक, विहीर, वाफे, काकांची खाट, कुंपण, कललेला खांब, ओढा, तुती. चुकलं असेल तिथे लाल पेन्सिलीनं खूण कर. बरोबर असेल तिथे बरोबर म्हण. दगडापाशी मी प्रश्नचिन्ह केलंय. ती जागा मला सगळ्यांत महत्त्वाची आहे.

एवढं काम कर. यात माझं बरंच काही अडकलंय.

दादा


१७ मार्च

दादा,

नकाशा परत पाठवतोय. खुणा केल्या नाहीत, कारण करायच्या म्हटल्या तर सगळा कागद लाल होईल.

स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. तू लहानपणी सारखा आजारी असायचास. उन्हाळ्यात तुला बाहेर सोडत नसत. तू बागेत राहायला आल्याचं मला आठवत नाही. ताई आणि मी तुमच्याकडे यायचो तेव्हा तुला सगळं सांगायचो, आणि तू उशीला टेकून ऐकायचास. ओढा, तुती, ते सदरे, हे सगळं तू ऐकलेलं आहेस. ऐकलेल्या जागेचा नकाशा बरोबर कसा येणार?

दगडाबद्दल पुन्हा विचारू नकोस ही विनंती. मी कलमं बांधणारा माणूस, मला त्यातलं कळत नाही.

तुझा आतेभाऊ


२८ मार्च

प्रिय भावा,

खारू म्हणत नाही. ते नाव मी ठेवलं असं मला वाटत होतं, पण आता त्याचीही खात्री उरली नाही.

तुझं पत्र वाचून एक प्रकारे सुटलो. लग्नात ताईसुद्धा हेच म्हणाली होती. मी बागेच्या गोष्टी रंगवून सांगत होतो, तर म्हणाली, "तू कुठला येतोस बागेत? तू तर उशीला टेकून आमच्याकडून ऐकायचास." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर घास उतरेना.

बाबा शेवटच्या वर्षांत काय सांगायचे ते तुझ्या कानावर आलं असेल. जहाजावर नोकरी केली, वादळात सापडलो, बंदरावर अमुक खाल्लं. बाबांनी समुद्र पाहिला नव्हता. ते त्यांच्या एका मित्राचं आयुष्य होतं. ऐकता ऐकता त्यांचं झालं. सुरुवात तिथून झाली, आणि शेवटी ते मला "आपण कोण?" म्हणून विचारायचे. गेल्या वर्षी मी एका मोजणीत खुंटी भलत्याच शेतात ठोकली. साहेब हसून म्हणाले, होतं असं. मला हसता आलं नाही.

म्हणून मी तुला विचारत होतो. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू माझ्या कलानं उत्तर दिलं असतंस. मोजणीत दोन्ही बाजूंनी माप घेतो आम्ही. दोन्ही जुळली की तेच धरतो. ताईचं आणि तुझं शब्दाला शब्द जुळलं. प्रश्न मिटला.

दगडाचं एवढ्याचसाठी विचारलं, की त्याच्यावर बसलो असताना मला गांधीलमाशी चावली होती आणि तू ओल्या चिखलाचा गोळा थापला होतास, असं मला अजून कातडीला जाणवतं. तुलाच चावली असेल ती.

नातीला बागेच्या गोष्टी सांगायचो, ते थांबवलंय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू खरं सांगितलंस, बरं केलंस.

दादा


१ एप्रिल

ताई,

लग्नात तू दादाला नेमकं काय म्हणालीस? उशीचं मी माझ्या मनानं लिहिलं असं समजत होतो. तू कधीतरी माझ्याशी बोलताना म्हणाली असशील आणि ते माझ्या डोक्यात राहिलं असेल. त्याचं पत्र सोबत आहे. शेवटपर्यंत वाच.

तुझा भाऊ


६ एप्रिल

अरे,

म्हणाले. तुझ्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर राहावं म्हणून म्हणाले. त्याच्या मनात असलं काही असेल हे मला काय ठाऊक? मला स्वप्न पडलं होतं का?

वाचून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण अजून तरी काय नेम आहे? दुखण्याचं सोंगही माणसं करतात. पहिला डाव फसला की दुसरा. डॉक्टर काय ते बघतील, त्यांचं कामच आहे. तू विरघळू नकोस. तुझ्यापुढे कुणी डोळे पुसले की तू अंगातला सदरा काढून देतोस.

ताई


९ एप्रिल

दादा,

तुझा नकाशा बरोबर आहे.

परत पाठवण्याआधी मी तो हातात धरून बागेत फिरलो होतो. फाटकापासून निघालो. विहीर जिथे काढलीस तिथे. मामांची खाट कुठे असायची ते मी विसरलो होतो, पण तू काढलेल्या जागी उभा राहिलो तर वरून बरोबर सावली. कललेला खांब आता नाही, पण त्याचा बुंधा जमिनीत आहे, नेमका तुझ्या खुणेवर. तुती ओढ्याच्या अलीकडे आहे, आपल्या अंगाला. पलीकडे गेलीय ती तिची फांदी. म्हणून तुझा गोंधळ होतो. आपण चढायचो अलीकडून आणि पडायचो पलीकडे.

गांधीलमाशी तुलाच चावली. कानामागे. कान पापडासारखा फुगला, आणि मामींनी विचारल्यावर तू म्हणालास, कानावर आडवा झोपलो होतो. मामी म्हणाल्या, "मग दुसऱ्या कानावरही झोप जरा, जोडी होईल." तू रडला नाहीस. मी रडलो.

पोकळ ओंडक्याची होडी केली होती, आठवते? ती कधी तरंगलीच नाही. तू म्हणालास, ही पाणबुडी आहे. पलीकडच्या मळ्यातला म्हातारा ढेकळं मारायचा आणि आपण ती गोळा करून त्याच ढेकळांनी ओढा अडवायचो. तो म्हणायचा, "कार्ट्यांनो, माझ्याच मातीनं माझं पाणी तोडता?" आणि पुन्हा ढेकूळ मारायचा. खारू हे नाव तूच ठेवलंस, मी झाडावरून उतरायचं नाव घेत नव्हतो म्हणून. तापाचा तो एक उन्हाळा सोडला तर तू दर सुट्टीत इथे होतास.

आधी तसं का लिहिलं ते मात्र विचारू नकोस.

तुझा
खारू


१८ एप्रिल

प्रिय खारू,

किती छान लिहिलंस. नातीला वाचून दाखवलं. ती पाणबुडीवर हसून लोळली.

पण मला भुलवू नकोस. मागच्या महिन्यात सगळा कागद लाल होणार होता, आणि आता खांबाच्या बुंध्यापर्यंत सगळं बरोबर. मध्ये काय झालं? माझं पत्र गेलं. तुला कणव आली. तू लहानपणापासून तसाच आहेस, किंवा तसा होतास असं मला वाटतं.

बाबांचं वाढलं तेव्हा आम्ही त्यांना विरोध करणं सोडून दिलं. "हो बाबा, तुम्ही जहाजावर होतात. त्या वादळात तर कप्तानसुद्धा घाबरला होता." आम्हीच भर घालायचो. त्यांचा चेहरा उजळायचा. तुझं पत्र वाचताना माझा चेहरा तसाच उजळला असणार. सून दारातून बघत होती.

पहिल्यांदा खोटं बोलायला तुला कारण काय होतं? कारण नसताना तू माझ्याशी खोटं कशाला बोलशील? दुसऱ्यांदा खोटं बोलायला मात्र कारण आहे, आणि ते चांगलं कारण आहे. म्हणून मला तुझं पहिलंच पत्र खरं धरावं लागतं. तुझा राग नाही.

दादा


२६ एप्रिल

दादा,

कारण होतं. ते लिहायची लाज वाटत होती.

मला वाटलं तू बाग मागणार. तू मोजणीतला माणूस, आणि तुझ्या पत्रात हद्द, दगड, वाट. माझ्याकडे या बागेचा एक कागद नाही. धाकट्या मामांनी मान हलवली होती, तेवढंच. तू इथे कधी आलाच नव्हतास असं ठरलं तर तुझा हक्क लुळा पडेल, असं माझ्या डोक्यात बसलं. ताईनंही तेवढ्याचसाठी तुला लग्नात तसं सांगितलं. तुझ्या आठवणीला काही झालेलं नाही. आम्ही दोघांनी जमिनीपायी ती तुझ्याकडून काढून घेतली.

हेही तू कणवेत जमा करशील. म्हणून खाली लिहून देतोय ते वाच.

"मी खाली सही करणार लिहून देतो की, माझे थोरले मामा व धाकटे मामा यांच्या समाईक बागेत धाकट्या मामांचा मुलगा लहानपणी दर उन्हाळी सुट्टीत राहायला येत असे. फाटकापासून ओढ्यापर्यंतची वाट, विहीर, तुती व हद्दीचा दगड यांचा वापर तो घरचा म्हणून करत असे. ही जागा जितकी माझी समजली जाई तितकीच त्याची. बाग मला तोंडी दिली, त्याला माझ्याकडे कागद नाही. त्याने काढलेला नकाशा जागेवर ताडून पाहिला, तो बरोबर आहे."

खाली माझी सही आहे, बायकोची आहे, आणि पलीकडच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याच्या मुलाची आहे. त्याला तू आठवतोस. तो म्हणाला, "त्याला सांगा, आमची ढेकळं परत करायची राहिलीत."

बायको सही करायला बसली तेव्हा पेन हातात धरून म्हणाली, "लिहून देताय ते ठीक आहे. उद्या कलमं कुणाच्या दारात बांधणार, तेही एकदा सांगा." मग तिनं सही केली आणि उठून चुलीकडे गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. ताईला अजून कळवलेलं नाही.

देवाला सगळं ठाऊक असतं, पण त्याला साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून ही माणसं. कणवेपोटी माणूस गोड गोड लिहील, दादा. पण स्वतःच्या घराखालची जमीन सुटेल असं कुणी कणवेपोटी लिहून देत नाही. हा कागद तू कुठल्याही वकिलाला दाखव. तो तुला सांगेल की हे लिहिणारा एक तर मूर्ख आहे किंवा खरं बोलतोय.

तुझा
खारू


४ मे

प्रिय खारू,

कागद मिळाला. वकिलाची गरज नाही, असले कागद वाचण्यात माझा जन्म गेला. यावर तुझी अर्धी बाग जाऊ शकते. नीट धरलं तर अर्ध्याहून जास्त.

ताईला सांग, तिचा संशय अगदीच फुकट गेला नाही. कागद वाचून संपला तेव्हा पहिल्यांदा मी मनातल्या मनात हिस्सा पाडला. ओढ्याकडची बाजू कुणाला, विहीर कुणाला. हात आपोआप चालतो. मग स्वतःचीच लाज वाटली. आणि मग, खोटं वाटेल तुला, कानामागे हात गेला आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. सून धावत आली. तिला म्हटलं, "गांधीलमाशी." ती आणखीच घाबरली.

डॉक्टरांची वेळ रद्द केलेली नाही. खुंटी भलत्या शेतात ठोकली होती हे खरंच आहे. पण आता त्यांच्यासमोर बसताना माझ्या खिशात काहीतरी असेल.

कागद फाडून तुला परत पाठवावा असं मनात आलं. तुझ्या बायकोला झोप लागली असती. पण नाही फाडत. फाडला तर उद्या पुन्हा वाटेल, हेही आपण ऐकलेलंच. माझ्या लहानपणाचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. तो माझ्या कपाटात राहील, आणि मी त्याचं काही करणार नाही, एवढा माझा शब्द. शब्दावर तू घर बांधलंस ते एकदा झालं. आणखी एकदा भरवसा ठेवावा लागेल. जमेल ना?

पुढच्या आठवड्यात नातीला घेऊन येतो. फाटकाशी उभा राहा, पण काही दाखवू नकोस, काही सांगू नकोस. मी पुढे चालेन, तू मागून ये. चुकलो तर हाक मार. बरोबर निघालो तरी मार.

तुझा
दादा